माझी सही चालत नव्हती

आम्ही जिंकलो, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट शेवटपर्यंत ताणून धरायचा धीर माझ्यात नाही, आणि जिंकलेल्या माणसानं थोडी बढाई मारली तर कोणी वाईट वाटून घेऊ नये. आमच्या गावानं आमची घरं विकू दिली नाहीत. त्या सगळ्या लढ्यात सगळ्यात मोठी घोडचूक ज्या बाईनं केली ती मीच, आणि त्या चुकीमुळेच आम्ही जिंकलो असं माझं म्हणणं आहे. खालच्या मजल्यावरची पोस्टवाली आजी हे मान्य करत नाही. तिच्या मते चूक ती चूकच.

गाव जर्मनीतलं, एर्लांगेन शहराच्या अलीकडचं, रीजनल ट्रेननं दोन स्टेशनं. एक नदी, दोन चर्च, दोन बेकऱ्या, आणि स्टेशनच्या मागे आमची वसाहत. चार मजली फिकट पिवळ्या इमारती, सगळ्या एकाच साच्यातल्या. पहिल्या हिवाळ्यात कामावरून परत येताना मी शेजारच्या इमारतीत शिरले, तिसऱ्या मजल्यावर गेले आणि डावीकडच्या दाराच्या कुलपाशी झटापट करत बसले. किल्ली फिरेना म्हणून कुलपाला मराठीतून दोन शिव्याही दिल्या. आतून एका तुर्की बाईनं घाबरत घाबरत दार उघडलं. हातात लाटणं होतं. माझी बोबडी वळली, आणि तिची माझ्याहून जास्त.

ही सगळी घरं शहराच्या, म्हणजे या गावाच्याच मालकीची. आमचा घरमालक म्हणजे राटहाउस, नगरपालिका. भाडं बेताचं, हीटर जुने, आणि तळघरात सगळ्यांसाठी कपडे वाळत घालायची एक मोठी खोली. कोणी पाहुणा आला तर फोटो काढावा असं तिथं काही नाही. तरी मला त्या घराबद्दल जे वाटतं ते मला दुसऱ्या कुठल्याच घराबद्दल वाटलेलं नाही, आणि त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी नागपूरच्या एका बौद्ध वस्तीत वाढले. शिकायला पुण्याला गेले तेव्हा खोली शोधत होते. फोनवर सगळं गोड असायचं. दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न, आडनाव काय? आडनावावरून उलगडा झाला नाही तर दुसरा, गाव कुठलं? मग तिसरा, गावात घर कुठल्या बाजूला? तिसऱ्या प्रश्नापर्यंत आलं की मला उत्तर माहीत असायचं: खोली कालच गेली. एवढ्या खोल्या कालच गेल्या की पुण्यात रोज 'काल'च असतो की काय असं मला वाटायला लागलं होतं. तेव्हापासून माझा एक नियम झाला. कोणाच्याही दारात उभं राहून 'तू नक्की कोण' हे मी विचारणार नाही. कधीच नाही. कोणी नाव सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर चहा घ्यायचा आणि निघायचं.

जर्मनीत आलो तेव्हा वाटलं, इथं आडनाव कोणाला कळणार आहे! नाहीच कळलं. पण ते परकं आहे, एवढं कळणं पुरेसं होतं. वर्षभर आम्ही घरं बघत हिंडलो. माझा नवरा बेअरिंगच्या कारखान्यात मेकॅनिकल इंजिनियर, मी वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या लॅबमध्ये. दोन पगार, एक लहान मुलगी, वाद्य कोणी वाजवत नाही. तरी घर कालच गेलेलं असायचं. एका मालकीणबाईनं तर आम्ही दिवसातून किती वेळा फोडणी देतो ते विचारलं. मी म्हटलं, भूक लागेल तितक्या वेळा. नवरा रस्ताभर माझ्याशी बोलला नाही.

शेवटी आम्ही शहराच्या यादीत नाव घातलं. दहा महिन्यांनी बोलावणं आलं. काउंटरमागच्या बाईनं मान वर न करता विचारलं, "तीन माणसं?" मी म्हटलं, हो. "तीन खोल्या. तिसरा मजला, डावीकडे. बाल्कनी आहे." झालं. आमचा नंबर आला होता, म्हणून घर आमचं. तिनं माझ्याकडे धड पाहिलंही नाही, आणि मला कोणी इतक्या मानानं वागवलेलं मला आठवत नव्हतं. राटहाउसच्या पायऱ्यांवर बसून मी रडले. माझ्याकडे न बघता मला घर देणारा तो माझ्या आयुष्यातला पहिला घरमालक होता.

त्या घरात आम्ही नऊ वर्षं काढली. आणि एका फेब्रुवारीत पेटीत गुळगुळीत कागदावरचं पत्र आलं. वर हसऱ्या कुटुंबाचा फोटो, खाली मजकूर: नगरपालिकेनं वसाहत एका मोठ्या गृहनिर्माण कंपनीच्या हवाली करायचं ठरवलं आहे, कंपनी दुरुस्त्या करेल, भाडेकरूंना संरक्षण मिळेल, आणि ठळक अक्षरांत, तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही.

पोस्टवाली आजी आमच्या खाली पहिल्या मजल्यावर राहते. तिनं आयुष्यभर या गावात सायकलवरून टपाल वाटलं. कोण कुठे राहतं, आधी कुठे राहत होतं, कोणाला कोणाचं पत्र यायचं बंद झालं, सगळं तिला तोंडपाठ. पत्र हातात धरून ती जिन्यात उभी होती. मला म्हणाली, "चाळीस वर्षं मी पत्रं वाटली. काहीच बदलणार नसेल तेव्हा कोणी पत्र पाठवत नाही."

मी कंपनीबद्दल वाचलं. घर रिकामं झालं की नवा भाडेकरू कंपनी निवडणार होती. यादी नाही, नंबर नाही. अर्ज, मुलाखत आणि 'योग्य उमेदवार'. आम्हाला कोणी लगेच बाहेर काढणार नव्हतं. पण दहा वर्षांनी संरक्षण संपलं की आम्हीही उमेदवारच.  पुन्हा दारात उभं राहायचं, पुन्हा मला वरपासून खालपर्यंत बघणार, आणि घर पुन्हा कालच गेलेलं असणार. एवढं एक घर मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

इथं एक सोय आहे. नगरपालिकेचा निर्णय पटला नाही तर गावातल्या लोकांच्या ठरावीक सह्या गोळा करायच्या. तेवढ्या झाल्या की तो प्रश्न सगळ्या गावाच्या मतदानाला जातो. पुरेशा सह्या मान्य झाल्या की मतदान होईपर्यंत नगरपालिकेला करार करता येत नाही. आमच्याकडे ईस्टरपर्यंतचा वेळ होता, कारण त्यानंतर करारावर सह्या होणार होत्या. तळघरातल्या कपडे वाळवायच्या खोलीत बैठक झाली. दोरीवर कोणाच्या तरी चादरी होत्या आणि वक्त्याला त्या बाजूला सारून बोलावं लागत होतं. वक्ता म्हणजे पोस्टवाली आजी. तिनं विचारलं, दारोदार कोण जाईल? सगळे बुटांकडे बघायला लागले. मी हात वर केला.

नवऱ्यानं घरी आल्यावर डोक्याला हात लावला. "अगं, आपला नागरिकत्वाचा अर्ज तिथं पडून आहे. कशाला त्यांच्या डोळ्यावर यायचं?"

"आलोय आता," मी म्हटलं.

आणि काय सांगू, माझ्या अंगात वारं भरलं. कामावरून आले की पाय धुऊन पुन्हा बूट चढवायचे आणि निघायचं. तीन आठवडे मी एकही इमारत सोडली नाही. हसून बोलायचं, पत्र दाखवायचं, पेन पुढे करायचं. लोक पटापट सह्या करत. एकच दार माझ्या तोंडावर आपटलं गेलं. ते समोरच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याचं. हाच तो मनुष्य, ज्यानं पूर्वी आमच्या जिन्यात चिठ्ठी लावली होती की 'विशिष्ट वासाच्या' स्वयंपाकाच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्यानं दार उघडलं, मला न्याहाळलं, "तुम्ही कुठून आलात?" असं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत दार लावून घेतलं. मी त्याच्या पायपुसण्यावर मनसोक्त बूट घासले आणि पुढच्या दाराला गेले.

दुसऱ्या बैठकीला मी अकरा कागद भरून नेले. इतरांचे तीन-तीन, चार-चार. मी ते आजीसमोर पत्त्यांच्या डावासारखे पसरले आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. आजीनं चष्मा लावला, पेन्सिल घेतली, आणि पहिल्याच कागदावर रेघ मारली. मग दुसरी. मग तिसरी.

"याचा पासपोर्ट तुर्कस्तानचा. ही युक्रेनची. हे दोघं तुमचे बंगळूरचे. हा डॉक्टर सीरियाचा." ती पेन्सिल फिरवत राहिली. "ग्रीक चालतो. पोलिश चालते. युरोपातले चालतात, जर्मन चालतात. बाकीचे नाही." मग पेन्सिल पहिल्या कागदाच्या सगळ्यात वरच्या ओळीवर येऊन थांबली. "आणि ह्या तुम्ही."

माझीच सही होती. सगळ्यात वर, ऐटीत केलेली.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. मी लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या नमुन्यांत खोट काढते. तळाची बारीक अक्षरं वाचायचाच मला पगार मिळतो. आणि इथं अकरा कागदांतल्या निम्म्याहून जास्त सह्या बाद. ईस्टरला अडीच आठवडे उरले होते.

"तुम्ही विचारलं नाही कोणाला?" आजी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"नाही."

"का?"

याचं उत्तर मला जर्मनमध्ये देता आलं नाही. खरं तर मराठीतही सोपं नव्हतं. मी कागद गोळा केले आणि वर आले.

घरी सासूबाई होत्या. तीन महिन्यांच्या व्हिसावर नागपूरहून आल्या होत्या, आणि पहिल्या आठवड्यातच त्यांनी आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. त्या आयुष्यभर वस्तीतल्या बायकांना विहारात जमवायचं काम करत आल्या. घरोघर जाऊन एकेकीला हाताला धरून आणायच्या. माझं तोंड बघून त्यांनी गॅस बंद केला.

"तोंड कायले पाडून बसली?"

मी सगळं सांगितलं. आता पुन्हा प्रत्येक दारात जाऊन पासपोर्ट विचारावा लागणार, आणि ते माझ्यानं होणार नाही, हेही सांगितलं. "अहो आई, मला तो प्रश्न विचारता येत नाही. पुण्यात मला ज्यांनी विचारला त्यांच्यासारखी मी होईन."

सासूबाईंनी ताट पुढे ओढलं. लसूण सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांनी विचारलं ते घर न द्यायसाठी. तू विचारून राहिली घर वाचवायसाठी. एकच प्रश्न आहे का तो?"

"ऐकणाऱ्याला एकच वाटतो ना, आई."

"मग आधी स्वतःचं सांग. मी कोणाच्या घरी जायची तर आधी माझं रडगाणं सांगायची. नवरा असा, पोरगं तसं, मी तरी येऊन राहिली. मग ती बाई आपोआप तिचं सांगायची. दुसऱ्याच्या दारात गेलं तर आपली झोळी आधी उघडून दाखवावी बाई. मग त्याची उघड म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला आणि शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, डावीकडचं दार वाजवलं. लाटण्याचंच दार. मुद्दामच तिथून सुरुवात केली, कारण तिथं माझी अब्रू आधीच गेलेली होती. तुर्की बाईनं दार उघडलं. मी एका दमात बोलून टाकलं: "माझा पासपोर्ट भारताचा आहे. म्हणून माझी सही चालत नाही. माझीच आधी बाद झाली. तुमच्या घरात कोणाची चालते का?"

 मग तिनं कमरेवर हात ठेवले. "मी इथं छत्तीस वर्षं राहते," ती म्हणाली. "माझीही चालत नाही!" आणि हसायलाच लागली. मलाही हसू आलं. दारात उभं राहून आम्ही दोघी बाद बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तिनं मागे वळून हाक मारली. दोन मुलगे, एक सून, तिघंही जर्मन, तिघांच्याही सह्या चालणाऱ्या. सून स्वयंपाकाच्या गडबडीत अडकलेली होती, तिला हाताला धरून आणलं. तुर्की बाईनं स्कार्फ बांधला, बूट घातले आणि म्हणाली, "पलीकडच्या दोन इमारती माझ्याकडे दे. तिथं मला सगळे ओळखतात."

तिथून चक्र उलटं फिरलं. बाद झालेल्या एकेका सहीमागे घरात एखादी चालणारी सही सापडत होती, कधी तीन. युक्रेनच्या बाईनं तिच्या पोलिश मैत्रिणीला आणलं. सीरियाच्या डॉक्टरनं त्याच्या इस्पितळातल्या, पण आमच्याच गावात राहणाऱ्या चार नर्सेस आणल्या. बंगळूरच्या दोघांकडे चालणारं कोणी नव्हतं, म्हणून ते शनिवारी सुपरमार्केटसमोर टेबल टाकून उभे राहिले. ज्यांच्या सह्या चालत नव्हत्या त्यांचीच एक टोळी तयार झाली. प्रत्येक जण दारात जाऊन आधी हेच सांगायचा, की माझी स्वतःची चालत नाही. लोकांना त्याचं नवल वाटायचं, आणि नवल वाटलेला माणूस दार लावत नाही. माझा नवरा काही दारोदार गेला नाही. पण एक दिवस मी घरी आले तर जेवणाच्या टेबलावर वसाहतीचा नकाशा होता, प्रत्येक दाराला रंग दिलेला. हिरवं म्हणजे झालं, पिवळं म्हणजे पुन्हा जा. लाल एकच दार होतं, तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याचं.

"ते सोड," नवरा म्हणाला.

मला कोणी सोड म्हटलं की माझं डोकं फिरतं.

म्हाताऱ्यानं दार उघडलं आणि मला पाहून पुन्हा तोंड उघडलं. ते कशासाठी हे मला माहीत होतं, म्हणून मी आधीच बोलले. "भारतातून. पासपोर्ट तिथलाच आहे, म्हणून माझी सही चालत नाही. तुमची चालते."

त्याचा हात दारावर होता. दार हललं नाही. "चालत नाही?" तो म्हणाला. "आणि तरी तुम्ही दुसऱ्यांदा आलात?"

"हो."

"भर पावसात?"

"घर माझं आहे," मी म्हटलं. आवाज चढला माझा. "मालक शहर आहे, पण घर माझं आहे. मला वर्षभर कोणी घर दिलं नव्हतं. इथं मला नंबरानं मिळालं. तो नंबर मला पुढच्या माणसासाठी राहायला हवा आहे. तुम्हाला माझ्या फोडणीचा वास आवडत नाही, नका आवडू. सही करा."

एवढं मोठं जर्मन भाषण मी आयुष्यात केलं नव्हतं. विशेषणांचे प्रत्यय नक्कीच चुकले असणार. म्हातारा बाजूला झाला आणि मला आत यायची खूण केली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यानं चष्मा शोधला. मग कागद न वाचताच तो बोलायला लागला. युद्ध संपल्यावर त्याची आई पूर्वेकडून हाकलली गेली होती. हा तिच्या काखेत, काही महिन्यांचा. या गावात त्यांना कोणी खोली द्यायला तयार नव्हतं. लोक दारात विचारायचे, तुम्ही कुठून आलात, आणि त्यांची बोली ऐकली की दार लावून घ्यायचे. कित्येक वर्षं ती माणसं लाकडी बराकीत राहिली. मग शहरानं स्टेशनच्या मागे त्यांच्यासाठीच ही घरं बांधली. "आम्हालाही नंबरानंच मिळालं," तो म्हणाला. "हेच घर. मी नऊ वर्षांचा होतो. आई पहिल्या रात्री प्रत्येक खोलीतला दिवा लावून फिरली."

 म्हणजे ही पिवळी घरं बांधलीच होती दारं बंद झालेल्यांसाठी. आणि तोच माणूस मला दारात विचारत होता, कुठून आलात. मी हे त्याला म्हणणार होते, पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला ते माझ्या आधीच कळलं आहे. त्यानं सही केली, सावकाश, शाळेत शिकवलेल्या अक्षरांत. मग म्हणाला, "दोन कागद ठेवून जा. नदीकाठी छोट्या बागा करणारी आमची मंडळी आहे. सगळे जर्मन, सगळे चिडके. सगळ्यांच्या चालतात."

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी आम्ही कागद राटहाउसमध्ये दिले. आजीनं स्वतः एकेक तपासले होते; तिच्या पेन्सिलीला या वेळी फारसं काम पडलं नाही. लागत होत्या त्याहून बऱ्याच जास्त सह्या निघाल्या. सासूबाई मे महिन्यात परत गेल्या, आणि जाताना विमानतळावर मला आशीर्वाद द्यायच्या ऐवजी सूचना देऊन गेल्या. "मतदानाच्या दिवशी लोकांना जेवायच्या आधी बाहेर काढजो. जेवल्यावर माणूस मत देत नाही, झोपते."

मतदान जुलैतल्या एका रविवारी होतं. नुसती जास्त मतं पडून भागत नव्हतं. गावातल्या दर पाच मतदारांमागे एकानं तरी 'हो, घरं शहराकडेच राहोत' असं म्हणायला हवं होतं. उन्हाळा, सुट्ट्या, नदीवर पोहायची हवा. आमच्या विरोधात बोलणाऱ्यांची भिस्त लोकांच्या आळसावर होती. पण त्यांना माझ्या सासूबाई माहीत नव्हत्या. सकाळी नऊपासून आमची बाद टोळी नकाशा घेऊन सुटली. मत द्यायचा अधिकार एकालाही नाही, आणि मत द्यायला हाकलत नेतोय सगळ्यांना! बारा वाजायच्या आत अर्धी वसाहत शाळेत जाऊन आली. म्हातारा सूट घालून आला. नदीकाठची बागवाली मंडळी त्याच्या मागे रांगेनं, हाफ पँटींत.

संध्याकाळी सहा वाजता शाळेची दारं बंद झाली. इथं मतमोजणी कोणालाही बघता येते, हे मला आजीनं सांगितलं होतं. मी आत गेले. मोजणीवरच्या माणसानं विचारलं, "तुम्ही पक्षाच्या? वर्तमानपत्राच्या?"

"नाही."

"मतदार?"

"तेही नाही."

तो जरा गोंधळला. "म्हणजे... बघायला कोणीही थांबू शकतं. तिथं, दोरीमागे."

मी दोरीमागे उभी राहिले. पेटी टेबलावर उपडी केली. बाहेर लखलखीत ऊन होतं, व्यायामशाळेच्या काचांतून ते कागदांवर पडत होतं. दोन ढीग व्हायला लागले. लॅबमध्ये मी इतके नमुने मोजले आहेत की ढिगाच्या उंचीवरून मला आकडा कळतो. पाचव्या मिनिटाला मला कळलं. दहाव्या मिनिटाला 'हो'चा ढीग घसरून पडला आणि त्यांना त्याचे दोन करावे लागले. माझ्या शेजारी म्हातारा होता. त्यानं टाय सैल केला. पलीकडून तुर्की बाईनं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता.

सात वाजता राटहाउसचा आकडा फोनवर आला. जिंकलो, आणि पाचात एक काय, त्याहून कितीतरी जास्त. शाळेच्या अंगणात जो काही आरडाओरडा झाला तो मी त्या गावात आधी कधी ऐकला नव्हता. पोस्टवाली आजी सायकलची घंटी वाजवत गोल गोल फिरत होती. मी नागपूरला फोन लावला. "आई, राहिलं घर!"

"मग? राहणारच होतं," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात खरंच वर्तमानपत्राचा माणूस आला. वही काढून त्यानं मला प्रतिक्रिया विचारली, ती लिहून घेतली, आणि मग तो प्रश्न आलाच. "आणि तुम्ही कुठल्या?"

"तिसऱ्या मजल्यावरची," मी म्हटलं. "डावीकडचं दार."

तो पेन उचलून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला. म्हातारा मागून म्हणाला, "अगदी बरोबर. तसंच लिहा. मी तळमजल्यावरचा." आणि त्या माणसानं तसंच लिहिलं. ते कात्रण आमच्या फ्रीजवर आहे.

घरी निघाले तेव्हा मी चालत नव्हते, तरंगत होते. गाणं गुणगुणत जिना चढले, तिसऱ्या मजल्यावर डावीकडे वळले, किल्ली कुलपात घातली. फिरेना. पुन्हा घातली. फिरेना. आज तर काहीच बिनसू शकत नाही, असं म्हणत मी कुलपाला मराठीतून एक शिवी दिली.

दार आतून उघडलं. तुर्की बाई नुकतीच घरी पोचली होती, स्कार्फ अजून डोक्यावरच. मागे तिचं अख्खं कुटुंब टेबलाभोवती बसलं होतं. नऊ वर्षांनी मी पुन्हा तिच्या दाराशी चुकले होते. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं.

तिनं मला काही विचारलं नाही. "ये," म्हणाली, आणि चपला कुठे काढायच्या ते बोटानं दाखवलं.